दारातली बाई

मंगळवारी सकाळी वैद्यबुवांच्या कापसाला पिवळा रंग लागला, आणि नेमकी त्याच वेळी मी त्यांच्या शेजारी उभी राहून त्यांना सांगत होते, की चित्रातल्या त्या बाईच्या शालीचा पिवळा हा कसा साधासुधा पिवळा नाही, तो सत्याचा पिवळा आहे. म्हणजे बघा माझी वेळ. वैद्यबुवा हे काही खरे वैद्य नव्हेत. आमच्या संग्रहालयात जुनी चित्रं साफ करणारे, फाटलेली सांधणारे गृहस्थ. पांढरा कोट घालतात, कसलं तरी पातळ द्रव्य लावून कापसाचे बोळे चित्राच्या अंगावर फिरवतात, आणि मधूनच ‘बरं वाटतंय का’ असं चित्रालाच विचारतात, म्हणून त्यांना सगळे वैद्यबुवा म्हणतात. मला मास्तरीण म्हणतात, अर्थात पाठीमागे. एकतीस वर्षं मी या इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना चित्रं समजावून सांगते आहे. शाळेची मुलं, सेवानिवृत्त मंडळी, पावसापासून आडोसा शोधत आत शिरलेली जोडपी, सगळ्यांना. त्यांतली एकोणीस वर्षं माझं मुख्य चित्र हे. लोक त्याच्यासाठी येतात असं मी म्हणते. खरं तर लोक मी ते कशी सांगते हे ऐकायला येतात, पण हे आपल्या तोंडाने कसं सांगायचं.

“बाई,” वैद्यबुवा म्हणाले, “हा रंग सुटायला नको होता.”

“जुनं वॉर्निश असेल.”

“वॉर्निश तपकिरी येतं. हा रंगच आहे.” त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. “इथे बघा. जुना रंग वाळून तडकतो. तशा बारीक भेगा सगळ्या चित्राला आहेत. पलंगाला आहेत, म्हाताऱ्याच्या गालाला आहेत, मांजरालाही आहेत. हे दार आणि दारातली ही बाई तेवढी गुळगुळीत. भेगा तिच्या खालून जातात, आणि तिचा रंग त्या भेगांत उतरलाय. म्हणजे चित्र तडकून गेल्यावर ही आली.”

“किती वर्षांनी?”

“पन्नास. साठही असतील. असा पिवळा मूळ चित्राच्या काळी बनतच नव्हता.” त्यांनी बोळा बशीत टाकला. “ती कोण, का आली, ते तुम्ही सांगायचं. मी एवढंच सांगतो, की ती या घरातली नाही.”

मी हसले. असं काही झालं की मी आधी हसते, हे माझं जुनं. पण पायऱ्या उतरताना मला राग आला होता. वैद्यबुवांचा नव्हे. कोणाचा ते कळत नव्हतं, आणि तो तसला राग सगळ्यांत वाईट, कारण तो उतरवायला समोर माणूस नसतं. अकराची शाळा आली तेव्हा चित्राची जागा भिंतीवर रिकामी होती, खाली फक्त ‘साफसफाईसाठी हलवले आहे’ अशी पाटी. एका मुलीने विचारलं, “इथे काय होतं?” मी म्हटलं, “एक खोली.” आणि मग नेहमीचं सगळं आपोआप तोंडातून यायला लागलं, समोर चित्र नसताना.

अडीचशे वर्षांपूर्वीची एक झोपायची खोली. पलंगावर म्हातारा, डोक्याला टोपी, तोंड किंचित उघडं. पलंगाशेजारी राखी झग्यातली तरुण बाई, एका हातात बाटली, दुसऱ्या हातात चमचा. मेजावर नुकतीच विझलेली मेणबत्ती, वर धुराची रेघ. मागे कपाट उघडं, आतून एका कागदाचं टोक बाहेर आलेलं. पलंगाखाली मांजर. भिंतीवर आरसा, आणि आरशात काही नाही, नुसता अंधार. उजव्या बाजूला दार, दारात पिवळ्या शालीतली थोरली बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, एक हात वर उचललेला. चित्रकाराने चित्राला नाव दिलेलं नाही. पाटीवर ‘विश्वासघात’ असं आहे, ते नंतरच्या कोण्या विक्रेत्याने ठेवलेलं. पण मला ते नाव पटलं होतं. राखी झग्यातली म्हणजे म्हाताऱ्याची दुसरेपणाची बायको. कागद म्हणजे मृत्युपत्र. मेणबत्ती म्हणजे त्याचा जीव, आरसा म्हणजे तिचं काळं मन, मांजर म्हणजे पोटात एक आणि ओठांत एक. आणि दारातली ती त्याची थोरली मुलगी. घर तिचं, किल्ल्या तिच्या. तिला यायला क्षणभर उशीर झाला आहे, पण तिने पाहिलं आहे. इथे मी थांबते. श्वास घेते. मग म्हणते, “आता त्या तरुण बाईचे डोळे बघा. ते म्हाताऱ्याकडे नाहीत, बाटलीकडे नाहीत. ते दाराकडे आहेत. हे पकडलं गेलेल्या माणसाचे डोळे आहेत.” आणि दर वेळी, अगदी दर वेळी, गर्दीतून कोणी तरी ‘अरे हो’ म्हणतं. त्या ‘अरे हो’वर मी जगत आले, असं म्हटलं तरी चालेल.

चित्रात काही उगीच नसतं, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. रस्त्यावर कुत्रं उगीच बसलेलं असतं, चित्रात ते कोणी तरी बसवलेलं असतं. त्याला वेळ लागलेला असतो, रंग लागलेला असतो. तेव्हा विचारायचं, का बसवलं? हा नियम मी इतक्यांना शिकवला, की तो माझ्याच अंगात मुरला. कोणाच्या घरी गेले की माझे डोळे फिरायला लागतात. उलटी ठेवलेली फोटोची चौकट, दोनच उशा, न उघडलेलं पत्र. आमचे हे म्हणतात, “हिच्यासमोर चहाचा कप ठेवायचा तर कान कोणत्या बाजूला करावा याचा विचार करावा लागतो.” लोक हसतात. मीही हसते. हसताना मला दर वेळी बाबांची खोली आठवते, हे मात्र त्यांनाही माहीत नाही.

आणि आता पत्र. ते आदल्याच दिवशी, सोमवारी आलं होतं, मी ते पर्समध्ये ठेवलं होतं आणि ते तिथे नाही असं दोन दिवस वागत होते. माझ्या धाकट्या बहिणीचं. सतरा वर्षांत आम्ही एकमेकींशी बोललो नाही. आत्याच्या अंत्यविधीला एका रांगेत उभ्या होतो, मध्ये तीन माणसं होती. पत्र म्हणजे तरी काय, तीन ओळी: ‘मी घर सोडते आहे. शनिवारी बाबांची खोली रिकामी करणार. तुला त्यातलं काही हवं असेल तर दुपारपर्यंत ये.’ खाली सही नाही. अक्षर तेच, उजवीकडे कललेलं, वाऱ्यावर चालल्यासारखं. ‘नमस्कार’ नाही, ‘ताई’ नाही. मी ते पत्रही चित्र वाचायचं तसंच वाचलं. नुसती ‘खोली’ न म्हणता ‘बाबांची खोली’ का? ‘दुपारपर्यंत’ का? बाबा गेले त्या रविवारीही दुपारच होती. म्हणजे ती मला मुद्दाम आठवण करून देते आहे. की नाही? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

तो रविवार मी किती वेळा पाहिला असेन. दुपारचे सव्वातीन. बाबा आठ महिने अंथरुणाला खिळलेले, धाकटी त्यांच्याजवळ. नोकरी सोडून. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे आणि दर रविवारी दोन तास यायचे. येताना फळं आणायचे, जाताना सूचना देऊन जायचे. त्या आठवड्यात मी शब्द दिला होता, की शनिवारी संध्याकाळीच येईन आणि एक रात्र राहीन, म्हणजे तिला मैत्रिणीकडे जाऊन निवांत झोपता येईल. शनिवारी आमच्या मोठ्या दालनाचं उद्घाटन निघालं. हे चित्र दोन वर्षं मागच्या खोलीत होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा तिथे लागलं, आणि त्याच्यासमोर बोलायला मला उभं केलं. मी बोलले. माणसं स्तब्ध होती. संग्रहालयाचे साहेब स्वतः येऊन म्हणाले, “आज चित्र बोललं.” मग जेवण निघालं, मग आणखी कोणी तरी काही विचारलं, मग मी घरी फोन केला आणि धाकटीला म्हटलं, “उद्या येते ग.” ती म्हणाली, “बरं.” एवढंच. रविवारी पुन्हा सकाळी एक मंडळ आलं. मी पोचले ती सव्वातीनला.

पुढचं दार उघडं होतं. खोलीचंही. मी दारात आले आणि थांबले. पडदे ओढलेले. बाबा पलंगावर, तोंड उघडं. धाकटी पलंगाशेजारी उभी, एका हातात औषधाची बाटली, दुसऱ्या हातात चमचा. कपाट उघडं, आतले कागद अस्ताव्यस्त. भिंतीवरचं घड्याळ बंद. दाराशी तिची बॅग, भरलेली. आणि तिच्या मनगटावर माझं घड्याळ, आठवडाभर मला न सापडलेलं. मोठ्या तबकडीचं, चामडी पट्ट्याचं, पहिली नोकरी लागली तेव्हा बाबांनी मला घेऊन दिलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आणि तिचे डोळे, मी आदल्याच संध्याकाळी सव्वाशे माणसांना ज्या डोळ्यांचा अर्थ सांगितला होता, तेच ते डोळे होते. मी विचार केला नाही. मी वाचलं. मला वाटलं, हिने बाबांना संपवलं. कंटाळून असो, दया येऊन असो, पण संपवलं, बॅग भरली, आणि जाता जाता माझं घड्याळही घातलं. आणि मी दारातूनच म्हणाले, “किती दिलंस?”

आत्या माझ्या मागोमाग जिना चढून आलेली होती. शेजारीण होती. दोघींनी ऐकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, पण त्या जिभेला परत कुठे लावायचं? डॉक्टर आले, मी त्यांना बाटली दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, लेबलावरच्या खुणा मोजल्या, म्हणाले, जितकी हवी तितकीच आहे. हृदय थांबलंय, तास-दीड तास झाला असेल. हिला कळलंच नाही, ही तीनचा डोस देत बसली होती. एकेक वस्तू मग आपापलं कारण सांगून बाजूला झाली. पडदे ओढले होते कारण उजेड डोळ्यांना सोसत नव्हता. भिंतीवरचं घड्याळ बंद केलं होतं कारण टिकटिक सोसत नव्हती. कपाट उघडं होतं कारण स्वच्छ चादर शोधायची होती. बॅग तर आदल्या दिवसापासून भरून ठेवली होती, माझ्या भरवशावर. हे सगळं मला आत्याने सांगितलं. धाकटीने नाही. धाकटीने त्या दुपारी मनगटावरचं घड्याळ सोडलं, मेजावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. तिने त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही आणि त्यानंतर माझ्या कुठल्याच प्रश्नाचं दिलं नाही. लोक पराचा कावळा करतात. इथे मी कावळा आधी केला होता, पिसं लोकांनी नंतर वाटून घेतली. वर्षभर कोणी ना कोणी हळूच विचारत होतं, “नक्की काय झालं होतं हो?”

मी माफी मागायला हवी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्याकडे घड्याळ होतं ना. बाकी सगळ्याचा खुलासा झाला, मनगटावरच्या घड्याळाचा झाला नाही. बाप जाऊन दीड तास झालेला, आणि हिच्या हातात माझी वस्तू. मग मी त्या एका घड्याळाला सतरा वर्षं धरून बसले. मी पूर्णच चुकले असं नाही, काही तरी होतंच, असं मला म्हणता यायचं. माणसाला आपली चूक टिकवायला फार मोठी जागा लागत नाही, एवढीशी पुरते. ते घड्याळ मी आजही घालते. पट्टा तीनदा बदलला.

गुरुवारी वैद्यबुवांनी पुन्हा बोलावलं. चित्राचा एक्स-रे काढला होता. करडा, धुरकट, एखाद्याच्या छातीचा काढावा तसा. साहेबही आले होते. वैद्यबुवांनी पेन्सिलीचं टोक दारातल्या बाईवर ठेवलं. “ही वरची. आता हिच्या आत बघा.” आधी मला काही दिसेना. मग बाईच्या शालीतून दोन उभ्या पट्ट्या वर आल्या, मग आडवी, मग खाली चार पाय. खुर्ची. मुळात तिथे दारही नव्हतं. खोलीचा कोपरा होता, आणि पलंगाकडे तोंड करून ओढून ठेवलेली खुर्ची होती.

“आणि खुर्चीत?” मी विचारलं.

“कोणी नाही.”

“पुसलं असेल.”

“पुसलेलं नाही. मुळापासून रिकामी आहे. नीट काढलेली, सावलीसकट.”

साहेब म्हणाले, “म्हणजे ती तरुण बाई बघतेय कोणाकडे?” आणि स्वतःच उत्तर दिलं, अगदी सहज, माणसं विमानाची वेळ सांगतात तसं: “रिकाम्या खुर्चीकडे.” एकोणीस वर्षं मी ज्या डोळ्यांना पकडले गेलेले डोळे म्हणाले ते वाट बघून थकलेले डोळे होते, आणि हे तिथे उभ्या असलेल्या कोणालाही दिसत होतं, मला सोडून. काखेत कळसा आणि गावाला वळसा. साहेब पुढे बोलत होते. प्रश्न असा होता, की वरची बाई काढायची की ठेवायची. काढली तर मूळ चित्र मिळेल. पण लोकांना ती बाई माहीत आहे, ती तिकिटावर आहे, भिंतीवरच्या मोठ्या फलकावर आहे. “तुम्ही हिला आमच्यापेक्षा जास्त ओळखता,” साहेब म्हणाले. “सोमवारी सकाळी तुमचं मत लेखी द्या. तुम्ही म्हणाल तसं करू.” वैद्यबुवा बोळे गोळा करत होते. मग म्हणाले, “एकदा काढली की परत येणार नाही, एवढं लक्षात असू द्या.”

शुक्रवारी मी मत लिहिलं. दीड पान. बाई ठेवावी. नंतर घातलेली असली तरी तीही आता चित्राच्या इतिहासाचा भाग आहे, प्रेक्षकांनी तिला स्वीकारलं आहे, तिच्यामुळे गोष्ट पूर्ण होते. प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि प्रत्येक वाक्य मी दोनदा गिरवून पक्कं केलं. कारण ती गेली तर मी कुठे उभी राहणार होते? हा विचार असा शब्दांत आला आणि मी पेन खाली ठेवलं. ती बाई मी होते, हे मला कोणी सांगायला नको होतं. त्या शनिवारी तिच्यावर बोलताना मी स्वतःवरच भाळले होते, आणि रविवारी जाऊन तिच्या जागी उभी राहिले. हात उचलून. किल्ल्या तेवढ्या नव्हत्या. मी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये पत्राशेजारी ठेवली.

शनिवारी सकाळपर्यंत मी जाणार नव्हते. मग कपाट आवरलं, मग गॅस पुसला, मग ह्यांच्यावर विनाकारण ओरडले. ते म्हणाले, “जाऊन ये ना. तिथे काय वाघ बसलाय?” वाघ असता तर बरं झालं असतं. बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. ‘झालं ते झालं’, हे नको, हे माझ्या सोयीचं आहे. ‘आपण दोघीही दमलेल्या होतो’, मी कुठे दमले होते? ‘मला तुझी माफी मागायची आहे’, हे वाक्य सरळ होतं आणि म्हणून तोंडात बसत नव्हतं. स्टॉप आला तरी मी उठले नाही. पुढच्या स्टॉपवर उतरून मागे चालत आले. पोचले तेव्हा साडेबारा वाजले होते, घड्याळात तीनदा पाहिलं, आणि मग बाही खाली ओढून ते झाकलं.

दार तिनेच उघडलं. केस पांढरे झालेले, हातात फडकं. मी माझाच म्हातारा चेहरा बघते आहे असं वाटलं, फक्त तिच्याकडे तो जास्त शांत होता.

“आलीस,” ती म्हणाली.

“आले.” मी पायपुसण्यावर पाय घासायला लागले.

“पाय पुसू नकोस. बाहेरच्यापेक्षा आत जास्त धूळ आहे.”

“मला जरा बोलायचं होतं.”

“सतरा वर्षं थांबलीस, आता दोन मिनिटं थांब. दूध उतू जाईल.” आणि ती आत गेली. मला हसू आलं. मी त्या ओळखीच्या बोळातून चालत गेले आणि बाबांच्या खोलीच्या दाराशी पाय आपोआप थांबले. पडदे काढलेले होते. खोलीत मी कधी पाहिला नव्हता इतका उजेड होता. पलंग सोडवून भिंतीला लावलेला, कपाट उघडं आणि रिकामं, खोकी बांधलेली. माझे डोळे फिरायला लागले. मी त्यांना आवरलं. आणि तरी ते जाऊन थांबलेच. पलंग जिथे असायचा त्या जागेकडे तोंड करून एक खुर्ची होती.

ती मागून आली, माझ्या बाजूने खोलीत गेली आणि तिने कपबशा खोक्यावर ठेवल्या. मी दारातच होते.

“ही खुर्ची कुणाची?” मी विचारलं.

“स्वयंपाकघरातली. तू त्या शनिवारी येणार म्हणून आणून ठेवली होती. मग हलवायची राहून गेली.”

“सतरा वर्षं?”

“राहून गेली म्हणजे राहून गेली, ताई. प्रत्येक गोष्टीत अर्थ काढू नकोस.”

ताई म्हणाली. तिच्या लक्षातही आलं नसावं. मी म्हटलं, “मला एक विचारायचं आहे.”

“विचार. विचारण्यात तू कधी कमी पडली नाहीस.”

मी बाही वर केली. “त्या दिवशी हे तुझ्या हातात होतं.”

तिने घड्याळाकडे पाहिलं. मग फडकं खिडकीत ठेवलं आणि तिथेच टेकली.

“तू आदल्या रविवारी इथे विसरून गेली होतीस. या खिडकीत. शनिवारी संध्याकाळपासून बाबा विचारत होते, थोरली आली का. दर पंधरा मिनिटांनी. मी म्हणायचे, येतेय, वाटेवर आहे. मग तुझा फोन आला. त्यानंतर त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मला नाही म्हणवेना. तेव्हा त्यांना दिसत नव्हतंच फारसं. आवाज आपला सारखा, लोक फोनवर फसायचे. मी ते घड्याळ घातलं, खुर्चीत येऊन बसले आणि म्हटलं, बाबा, आले.” तिने फडक्याची घडी घातली. “त्यांनी मनगट चाचपलं. पट्ट्यावरून बोट फिरवलं, दोनदा. म्हणाले, आलीस होय. आणि हात जो धरला तो सकाळपर्यंत सोडला नाही. आठ महिने मी होते ग. पण शेवटी हात धरला तो तुझा.”

मी अजून दारातच उभी होते.

“पहाटे जरा शुद्धीवर होते,” ती म्हणाली. “मला म्हणाले, म्हणजे तुला म्हणाले, धाकटीने फार केलंय. ती बोलत नाही, पण दमलीय. तिला सांभाळ. मी म्हटलं, हो बाबा. तू आलीस की हे तुला सांगायचं ठरवलं होतं मी. घड्याळ मुद्दाम काढलं नव्हतं, त्यांना पुन्हा लागलं तर म्हणून. तू दारात दिसलीस तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं.”

ती पुढचं बोलली नाही. पुढचं मी बोलले होते.

पर्समध्ये दीड पान होतं, बाई ठेवावी म्हणून. ते सोमवारी साहेबांना जाणार नव्हतं, एवढं मला त्या क्षणी कळलं. वैद्यबुवांना सांगायचं, काढा हिला. सगळी काढा, किल्ल्यांसकट, आणि खुर्ची रिकामी दिसू दे. मग मला आणखी एक सुचलं, की ज्या कोणी पन्नास वर्षांनी ती बाई तिथे रंगवली, त्याला कदाचित काही आरोप करायचाच नसेल. त्याला ती रिकामी खुर्ची बघवली नसेल, इतकंच. कोणी तरी यायला हवं होतं म्हणून त्याने कोणाला तरी आणलं असेल. पण हे कोणाला सांगणार? आणि आता ते सांगण्याची वेळही नव्हती. बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं गेली होती, एक उरलं होतं.

“माझं चुकलं,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली.

तिने डोळे पुसले नाहीत, त्यांत काही नव्हतंच. माझेच वाहत होते. तिने कपातली साय चमच्याने काढून बशीच्या कडेला लावली, ही तिची लहानपणची सवय, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “चहा निवतोय. दारात काय उभी राहिलीस? ये आत.”

मी आत गेले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, तर बोटांना धूळ लागली नाही, तेवढीच एक वस्तू खोलीत पुसलेली होती. मी तिला त्याचं कारण विचारलं नाही. बसले. ती माझ्यासाठी पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेली, तिला बराच वेळ लागला, आणि ती परत येईपर्यंत मी तिथून उठले नाही.